एक मिनिट बेचाळीस सेकंद

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मोटारींच्या शर्यतीवर विद्यार्थ्यांनी काढलेला चित्रपट! शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा हा विषय आहे काय? एक शर्यत आणि दुसरा सिनेमा. आईबापांना ज्या दोन गोष्टींची धास्ती वाटते, त्या दोन्ही एकाच वाक्यात आल्या. तरीही मी हा विषय जाणूनबुजून घेतला आहे. त्याचे कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे आपल्या ध्यानात येईल.

मी पदार्थविज्ञान शिकविणारा साधा मास्तर. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वहीत गतीची समीकरणे कमी आणि मोटारींची चित्रे जास्त. दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा मी ती वही सर्व वर्गासमोर फाडली. त्याने एक शब्दही उलट काढला नाही. दहावीच्या परीक्षेपूर्वीच त्याने शाळा सोडली. घरची परिस्थितीही बेताची होती, त्यामुळे सारा दोष त्या फाटलेल्या वहीचा होता असे मी म्हणत नाही. पण तिचा वाटा काहीच नव्हता असेही म्हणवत नाही. पुष्कळ वर्षांनी माझी स्कूटर रस्त्यात बंद पडली, ती ढकलत एका गॅरेजात नेली, तर समोर तोच. "सर, तुम्ही बसा, मी बघतो," म्हणाला आणि गाडी सुरू करून दिली. पैसे घेतले नाहीत. परत येताना मला ती वही आठवली. त्या चित्रांत वळणावर झुकलेली गाडी होती, बाहेरच्या चाकांवर आलेला भार होता. मी फळ्यावर जे केंद्रगामी बल शिकवत होतो, तेच तो वहीत काढत होता. ते मला दिसले नाही.

आता अलीकडची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या छायाचित्रण मंडळातली काही मुले माझ्याकडे आली. त्यांना चित्रपट काढायचा होता. विषय: मोटारसायकलींची शर्यत. जागा: गावाबाहेरचा नवा वळणरस्ता. वेळ: पहाटे, वाहतूक नसताना. कॅमेरा: मोबाइल. "दोघे जण गाडी पळवतील, एक जण मागच्या सीटवर उलटा बसून चित्रीकरण करील," असे त्यांनी मला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या मुलांत एक होता तो त्या गॅरेजवाल्याचा मुलगा.

माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. 'हो' म्हणावे तर एखाद्या घरात मयत व्हायची. 'नाही' म्हणून हाकलून द्यावे तर पुन्हा एक वही फाटायची. मी त्यांना म्हणालो, "आठ दिवस द्या. तोवर कुणीही गाडीला हात लावायचा नाही." त्या आठ दिवसांत मी पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले आणि मला एका विद्यार्थ्याने काढलेल्या शर्यतीच्या चित्रपटाची हकिकत सापडली. तीच आज आपणांस सांगावयाची आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मोडेस्टो नावाचे शेतीवाडीचे गाव आहे. तेथे १९४४ साली जॉर्ज ल्यूकसचा जन्म झाला. वडिलांचे वह्या, कागद आणि लेखनसाहित्याचे दुकान होते. मुलाने शिकावे आणि दुकान सांभाळावे, एवढी त्यांची साधी इच्छा. आपल्यापैकी किती वडिलांची हीच इच्छा असते! मुलाचे मात्र अभ्यासात लक्ष नव्हते. त्याचा जीव मोटारीत. छोटीशी फियाट गाडी, ती खोलायची, जोडायची आणि भरधाव सोडायची. शर्यतीत मोटार चालविणारा व्हायचे, एवढेच डोक्यात.

१२ जून १९६२ रोजी, शाळेच्या पदवीदान समारंभाला दोन-तीन दिवस राहिले असताना, घराकडे वळताना त्याच्या गाडीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. गाडी कोलांट्या खात अक्रोडाच्या झाडावर आदळली. आसनाचा पट्टा तुटून तो बाहेर फेकला गेला, म्हणून वाचला. गाडीत राहता तर वाचता ना. (विद्यार्थ्यांनो, यावरून पट्टा बांधू नये असा अर्थ कुणी काढू नका. तुटलेल्या पट्ट्याने हजारांत एखादा वाचतो, बांधलेल्या पट्ट्याने रोज असंख्य वाचतात.) तेव्हा तो १८ वर्षांचा होता. खाटेवर पडल्या पडल्या त्याने विचार केला आणि शर्यतीत उतरण्याचा नाद सोडला. गावातल्याच ज्युनियर कॉलेजात तो गेला, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र वाचू लागला. पण मोटारींचे वेड गेले नव्हते. त्या वेडाला दुसरी वाट सापडली. मोटारींच्याच नादात त्याची ओळख हॅस्केल वेक्सलर या नामवंत छायालेखकाशी झाली. त्यांनाही शर्यतींचा शौक होता. पुढे १९६४ साली तो लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागात दाखल झाला. हा विभाग १९२९ साली सुरू झालेला, अमेरिकेतला सर्वांत जुना. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. बापलेकांत कडाक्याचे वाद झाले. दुकान तसेच राहिले, मुलगा शिकायला गेला.

१९६६ साली अखेरच्या वर्षाचे काम म्हणून त्याने जो चित्रपट काढला, त्याचे नाव शब्दांत नाही, आकड्यांत आहे: '१:४२.०८'. म्हणजे एक मिनिट बेचाळीस सेकंद आणि वर आठ शतांश. एका मोटारीने ट्रॅकची एक फेरी पुरी करण्यास घेतलेला हा वेळ. चित्रपट सुमारे सात मिनिटांचा, १६ मिलिमीटर रंगीत फिल्मवर काढलेला. त्यात संवाद नाहीत, निवेदन नाही, नायिका नाही, खलनायक नाही. एक पिवळी लोटस २३ मोटार, ती चालविणारा पीटर ब्रॉक, आणि घड्याळ. कानावर येतो तो मुख्यतः इंजिनाचा आवाज.

विद्यार्थ्यांनो, येथे थोडे थांबू. या मुलाला मोटारींची शर्यत दाखवायची होती. शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? वीस गाड्या, हजारो प्रेक्षक, धडका, आगी. त्याने यातले काहीही घेतले नाही. का? कारण ते त्याच्या हाती नव्हते. विद्यार्थ्याजवळ वीस गाड्या कोठून येणार? पण एक गाडी, एक चालक आणि एक मोकळा ट्रॅक मिळू शकत होता. शर्यत दुसऱ्याशीच असते असे नाही, घड्याळाशीही असते, हे त्याने ओळखले. साधने तुटपुंजी होती, म्हणून त्याने विषय असा निवडला की त्याला तेवढी साधने पुरावीत. योजना म्हणतात ती हीच. आधी भव्य स्वप्न रंगवायचे आणि मग पैसे नाहीत म्हणून रडायचे, हे नियोजन नव्हे.

त्याला ही कल्पना नुसती आभाळातून पडली नाही. कॅनडातल्या जाँ-क्लोद लाब्रेक यांनी १९६५ साली सायकलींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीवर 'सिक्स्टी सायकल्स' नावाचा माहितीपट काढला होता. तो पाहून ल्यूकस भारावून गेला होता. चांगले काम करायचे तर दुसऱ्याचे चांगले काम लक्षपूर्वक पाहावे लागते. मात्र त्याने त्याची नक्कल केली नाही. सायकलींच्या जागी त्याने आपल्या परिचयाची मोटार घेतली आणि घोळक्याऐवजी एकच माणूस घेतला.

जागा कोणती निवडली? लॉस एंजेलिसच्या उत्तरेस मोहावी वाळवंटाच्या कडेला रोझमंड गावाजवळ विलो स्प्रिंग्ज नावाचा ट्रॅक आहे. तो १९५३ साली सुरू झाला. त्याची लांबी अडीच मैल, म्हणजे सुमारे चार किलोमीटर, आणि त्यावर नऊ वळणे. हा सार्वजनिक रस्ता नव्हे. शर्यतींसाठीच बांधलेली, कुंपणाच्या आतली जागा. गाडी चालविणारा कोण, तर पीटर ब्रॉक. हा हौशी पोरगा नव्हता. मोटारींचे आराखडे काढणारा, १९६४ सालच्या गाजलेल्या शेल्बी डेटोना कूपे या शर्यतीच्या मोटारीचा आकार रेखाटणारा जाणकार माणूस होता. आणि ज्याला स्वतःला मोटार पळविण्याचे वेड, तो ल्यूकस या चित्रपटात गाडी पळवीत नाही. तो कॅमेऱ्याच्या बाजूला उभा आहे. चार वर्षांपूर्वी अक्रोडाच्या झाडाने त्याला जे शिकविले, ते तो विसरला नव्हता.

त्याच्याबरोबर विद्यार्थ्यांची टोळी होती, सारे मिळून चौदा जण. योगायोग असा, की त्याच ट्रॅकवर त्याच सुमारास 'ग्रां प्री' या मोठ्या चित्रपटाची मंडळी आणि नट जेम्स गार्नर आले होते. एकीकडे कोट्यवधींचा खर्च, दुसरीकडे विद्यार्थ्यांचा कॅमेरा. पण धूळ तीच, ऊन तेच आणि मोटारीला पकडण्याची अडचणही तीच. त्या 'ग्रां प्री' चित्रपटाला तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. कशाकशाला, ते ऐका: ध्वनीला, ध्वनिपरिणामांना आणि संकलनाला. नटाला नाही, दिग्दर्शकालाही नाही. म्हणजे शर्यतीचा चित्रपट पडद्यावर दिसणाऱ्या शूरापेक्षा पडद्यामागच्या कारागिरांनी उभा केला.

आता मी माझ्या विषयाकडे, म्हणजे गणिताकडे येतो. आठ दिवसांनी ती मुले परत आली, तेव्हा मी त्यांना फळ्यावर हेच मांडून दाखविले.

अडीच मैलांची फेरी १०२.०८ सेकंदांत. सरासरी वेग काढा. तासाला सुमारे १४२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३९ मीटरांहून अधिक. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत मोटार सुमारे १ मीटर ६४ सेंटिमीटर पुढे सरकते. कॅमेऱ्याची झडप प्रत्येक चित्रासाठी साधारणपणे सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी उघडी राहते. तेवढ्यात मोटार ८२ सेंटिमीटर जाते. कॅमेरा स्थिर ठेवला तर गाडी पुसट पट्ट्यासारखी दिसणार. गाडीबरोबर कॅमेरा फिरवला तर गाडी स्वच्छ आणि मागची टेकडी पुसट. दोन्ही चित्रे उपयोगी आहेत, पण कोणते कोठे हवे हे आधी ठरवायला हवे.

मग कॅमेरा किती अंतरावर ठेवायचा? मुलांना वाटते जितके जवळ तितके थरारक. हिशेब करा. दहा मीटरांवर उभे राहिलात तर गाडी समोरून जाताना कॅमेरा सेकंदाला सव्वादोनशे अंशांच्या वेगाने फिरवावा लागेल. माणसाच्या हाताला ते साधत नाही. पन्नास मीटरांवर गेलात तर हाच वेग सेकंदाला ४५ अंश होतो. ते साधते. गाडी लहान दिसत असेल तर दूरचे जवळ आणणारी भिंगे आहेतच. म्हणजे जी जागा सुरक्षित, तीच जागा चांगल्या चित्रालाही सोयीची. हे फळ्यावर सिद्ध झाल्यावर मागच्या सीटवर उलटे बसण्याची भाषा आपोआप बंद झाली. मी ओरडून जे झाले नसते, ते भागाकाराने झाले.

आणखी एक हिशेब. १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चित्रे मावतात. मिनिटाला ३६ फूट फिल्म खर्ची पडते. शंभर फुटांचे रीळ २ मिनिटे ४६ सेकंदांत संपते. म्हणजे त्या ट्रॅकवरच्या दोन फेऱ्याही त्यात मावत नाहीत. चावीवर चालणारा बोलेक्स कॅमेरा असेल तर एका चावीत सुमारे २८ सेकंदच चालतो. फिल्म विकत घ्यायची, धुऊन आणायची, तेव्हा कळायचे काय आले आणि काय वाया गेले. म्हणून त्या काळचे विद्यार्थी कॅमेऱ्याचा खटका दाबण्यापूर्वी कागदावर चित्र काढीत, ट्रॅकवर पायी फिरून जागा हेरीत, ऊन कोणत्या वेळी कोणत्या वळणावर येते ते पाहून ठेवीत. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलला रीळ नाही. खर्च नाही म्हणून विचारही नाही, अशी आपली गत झाली आहे. मी मुलांना नियम घातला: सगळा चित्रपट मिळून वीस मिनिटांपेक्षा जास्त चित्रीकरण करायचे नाही. पहिल्या दिवशी ती चिडली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वहीत आराखडे दिसू लागले.

आवाजाचेही शास्त्र आहे. शर्यतीची मोटार जवळ येते तेव्हा तिचा स्वर चढा असतो आणि आपल्याला ओलांडून गेली की एकदम उतरतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. ताशी १४२ किलोमीटरच्या वेगाला हा उतार किती, ते मी काढून पाहिले. जवळजवळ पाचास चार या प्रमाणात, म्हणजे हार्मोनियमवर शुद्ध गंधारावरून षड्जावर यावे तितका. प्रेक्षकाने डोळे मिटले तरी गाडी आली आणि गेली हे त्याला कळते ते यामुळे. संवाद नसलेला चित्रपट सात मिनिटे चालू शकतो, कारण इंजिनच बोलत असते: गिअर बदलला, वळण आले, चालकाने पाय सैल केला, पुन्हा दाबला.

पालकहो, आता दोन शब्द कायद्याविषयी आणि धोक्याविषयी. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्या ल माँ येथील शर्यतीत एक मोटार उडून गर्दीवर पडली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. तो शर्यतीपुरता वाहतुकीला बंद केलेला मार्ग होता, नावाजलेले चालक होते, तरी असे घडले. मग आपला वळणरस्ता, जेथे पहाटे दूधवाला असतो, नमाजाला निघालेले म्हातारे असतात, तेथे काय होईल? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ तर आपणां वडीलधाऱ्यांसाठीच आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला अथवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलाने हट्ट धरला म्हणून किल्ली देणारा बाप लाड करीत नसतो. ज्यांना खरोखरच शर्यत पाहायची किंवा चित्रित करायची आहे, त्यांच्यासाठी आपल्या देशात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे येथे रीतसर ट्रॅक आहेत. तेथे परवानगी मागता येते.

मग आमच्या मुलांच्या चित्रपटाचे काय झाले? ल्यूकसने स्वतःला विचारला असेल तोच प्रश्न मी त्यांना विचारला: "तुमच्या हाती काय आहे?" बराच वेळ कुणी बोलेना. मग तो गॅरेजवाल्याचा मुलगा म्हणाला, "सर, अब्बांचे गॅरेज आहे." ठरले. बंद पडलेली मोटारसायकल सकाळी गॅरेजात येते आणि सुरू होऊन बाहेर पडते, एवढीच गोष्ट. संवाद नाहीत. फक्त हात, पाने, प्लग, कार्बोरेटर आणि शेवटी इंजिन.

नऊ जणांची टोळी झाली. दोन दिवस त्यांनी नुसती जागेची पाहणी केली. ऊन दाराशी साडेनऊला येते आणि अकराला जाते, हे लिहून ठेवले. शेजारच्या लेथ मशीनचा आवाज मध्ये येत होता. दोन मुलांनी जाऊन त्या शेठजींना अदबीने विनंती केली. त्यांनी अर्धा तास मशीन बंद ठेवले, वर चहा पाजला. शॉटची नोंदवही आठवीतल्या एका मुलीकडे होती. तिनेच एक चूक पकडली: एका शॉटमध्ये मिस्त्रीच्या डाव्या खांद्यावर फडके आणि पुढच्यात उजव्या. मुले म्हणाली, "कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "मला कळले ना?" शॉट पुन्हा घेतला गेला.

सर्वांत चांगले चित्र आयत्या वेळी मिळाले. मिस्त्री इंजिनाचा दोष शोधताना लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवतो आणि मूठ कानाला लावून डोळे मिटतो. डॉक्टर नळी लावून छाती तपासतो तसेच. मुलाने हे लहानपणापासून शेकडो वेळा पाहिले असेल. पण कॅमेऱ्यातून पाहिल्यावर तो मला म्हणाला, "सर, अब्बा असे ऐकतात हे मी कधी बघितलेच नव्हते."

चित्रपट तीन मिनिटे दहा सेकंदांचा झाला. शाळेच्या सभागृहात दाखविला, तेव्हा त्याचा बाप अगदी मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नाही. संपल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, आवाज बरोबर आलाय. टॅपेटचासुद्धा." मी त्याला त्या वहीबद्दल बोललो. इतक्या वर्षांनी माफी मागितली. तो हसला. "त्यात राहिलेली चित्रे मी घरी नेऊन चिकटवली होती सर," म्हणाला, आणि पोराला हाक मारून निघून गेला.

पालकांनो, ल्यूकसचे पुढे काय झाले हे आपणांस ठाऊक असेल. १९६८ साली राष्ट्रीय विद्यार्थी चित्रपट महोत्सवात त्याच्या दुसऱ्या एका चित्रपटाला पहिले पारितोषिक मिळाले. १९७३ साली त्याने आपल्या गावच्या मोटारवेड्या पोरांवर 'अमेरिकन ग्राफिटी' काढला, १९७७ साली 'स्टार वॉर्स'. पण आपला मुलगा ल्यूकस होईल म्हणून त्याला कॅमेरा द्या, असे मी सांगणार नाही. लाखांत एक ल्यूकस होतो. मला सांगायचे आहे ते उरलेल्यांविषयी. एक छोटा चित्रपट पुरा करताना मुलगा हिशेब शिकतो, परवानगी मागायला शिकतो, वेळेवर यायला शिकतो, नऊ जणांत मिळून काम करायला शिकतो आणि आपल्या बापाच्या हातांकडे पाहायला शिकतो. ही तालीम कुठेही गेला तरी उपयोगी पडते.

ज्यांना याच वाटेने जायचे आहे, त्यांच्यासाठी दारे उघडी आहेत. पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेली फिल्म संस्था आहे. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये १९८२ पासून जनसंवादाचे केंद्र आहे. पुण्याच्या संस्थेत ध्वनिमुद्रण शिकलेले केरळचे रसूल पूकुट्टी यांना २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनीसाठी सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. तेथेच संकलन शिकलेल्या रेणू सलुजा यांनी 'जाने भी दो यारों' आणि 'परिंदा' हे चित्रपट बांधले. आणि 'स्टार वॉर्स'च्या संकलनाचे ऑस्कर घेणाऱ्या तिघांत मार्शिया ल्यूकस ही स्त्री होती. ज्या आईच्या मुलीला शॉटमधले फडके दिसते, त्या आईने हे ध्यानात ठेवावे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. वेग तुम्हांला ओढतो, हा दोष नव्हे. पण वेग अंगावर घेणे वेगळे आणि वेग समजून घेणे वेगळे. पहिल्याला नुसती किल्ली पुरते. दुसऱ्याला पेन्सिल, घड्याळ, सोबती आणि धीर लागतो. लहान विषय घ्या आणि तो पुरा करा. अर्धवट सोडलेल्या महाकाव्यापेक्षा पुरी केलेली एक फेरी मोलाची. आणि तुमच्या मनात काय आहे ते घरी सांगा. लपवून पहाटे बाहेर पडू नका.

आणि पालकांनो, मुलगा काही सांगायला आला तर एकदम 'नाही' म्हणू नका. आठ दिवस मागून घ्या. मी मागितले म्हणून आज ती नऊच्या नऊ मुले या सभागृहात बसलेली आहेत. शर्यतीचे त्यांचे स्वप्न अजून आहे. एका रीतसर ट्रॅकवर सरावाच्या दिवशी चित्रीकरण करू द्यावे, असे पत्र त्यांनी गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या सहीने पाठविले आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोवर ती कुंपणापासून पन्नास मीटरांवर कॅमेरा कोठे ठेवावा, याचा आराखडा काढीत आहेत. ती वही माझ्याकडे तपासायला येते. मी ती तपासून परत देतो.